झेड स्कोअर काढले, सगळ्यांची सरासरी शून्य!

प्रश्न : मी गणिताची शिक्षिका आहे आणि नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात पीएचडी करते आहे. गणित शिकवण्याच्या कृतियुक्त पद्धतीचा मुलांच्या गुणांवर काय परिणाम होतो, हा माझा विषय. त्यासाठी आठ शाळा घेतल्या. प्रत्येक शाळेत एक तुकडी नव्या पद्धतीने शिकली आणि एक नेहमीच्या. अडचण अशी की पाच शाळा एका परीक्षा मंडळाच्या आहेत आणि तीन दुसऱ्या. पहिल्या मंडळाची परीक्षा (तिला 'क' म्हणते) 80 गुणांची, दुसऱ्याची ('ख') 100 गुणांची. 'क'मध्ये नव्या पद्धतीच्या मुलांची सरासरी 48.4 आणि नेहमीच्या पद्धतीची 43.6 आली, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) दोन्हीकडे 12च्या आसपास. 'ख'मध्ये 68 आणि 60, प्रमाण विचलन 16. मार्गदर्शक म्हणतात, सगळं शेकडा गुणांत आणून एकत्र कर. शिवाय 'कोणत्या मंडळाची मुलं गणितात पुढे' असं एक प्रकरणही त्यांना हवं आहे. एक सहकारी म्हणतात, रिग्रेशनचं समीकरण मांडून 'क'चे गुण 'ख'मध्ये बदल. दुसरे म्हणतात, आयआरटी (प्रश्नाची काठिण्यपातळी आणि मुलाची क्षमता वेगवेगळी मोजणारी पद्धत) वापर. मी माझ्या मनाने प्रत्येक तुकडीचे वेगळे झेड स्कोअर काढले, तर सोळाही तुकड्यांची सरासरी शून्य आली. सॉफ्टवेअर बिघडलंय का? आणि नेमकं कोणतं सूत्र वापरू? प्रबंध द्यायला अजून एक पूर्ण वर्ष हाताशी आहे.
— एक संशोधक शिक्षिका

उत्तर : सॉफ्टवेअर ठणठणीत आहे. झेड स्कोअर काढणं म्हणजे प्रत्येकाच्या गुणांतून गटाची सरासरी वजा करायची आणि उरलेल्याला प्रमाण विचलनाने भागायचं. ज्या तुकडीची सरासरी त्याच तुकडीतून वजा केली, तिची नवी सरासरी शून्यच येणार. तुम्ही हे सोळा वेळा केलंत. म्हणजे नवी पद्धत आणि जुनी पद्धत यांच्यातला जो फरक शोधायला निघालात, तोच पहिल्या पायरीवर पुसला गेला. एका अर्थी बरं झालं की सगळीकडे लख्ख शून्य आलं. थोडं इकडेतिकडे काही आलं असतं, तर ते तक्त्यात बसून प्रबंधात गेलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

आता सूत्राचं. तुम्ही विचारता कोणतं, मी म्हणतो कोणतंच नाही. निदान आज तुमच्याकडे जे आकडे आहेत त्यांच्यावर तरी नाही. दोन वेगळ्या परीक्षांचे गुण एकमेकांना जोडायचे, तर त्या दोन परीक्षांमध्ये काहीतरी सामाईक लागतं. एक तर दोन्ही परीक्षा त्याच मुलांनी दिलेल्या असाव्यात, नाहीतर दोन्ही प्रश्नपत्रिकांत काही प्रश्न तेच असावेत. तिसरी सोय म्हणजे चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट पाडायचे आणि एकाला ही परीक्षा, दुसऱ्याला ती द्यायची. मग दोन्ही गट सारखेच आहेत असं धरून चालता येतं. पण मुलं मंडळ निवडतात ती चिठ्ठी टाकून नव्हे.

तुमच्याकडे तिन्हींपैकी एकही गोष्ट नाही. त्यामुळे 'ख'ची सरासरी 64 टक्के आणि 'क'ची साडेसत्तावन्न का, याचं उत्तर 'ख'ची मुलं तयारीची आहेत असंही असू शकतं, 'ख'चा पेपर सोपा होता असंही, किंवा 'ख'ची तपासणी सैल होती असंही. तुमच्या आकड्यांत ही कारणं एकमेकांत मिसळून गेलेली आहेत. ती वेगळी करायला जी माहिती लागते ती गोळाच झालेली नाही, आणि जी गोळा झाली नाही ती कोणतंही सूत्र पैदा करू शकत नाही.

हे मनात ठेवून मिळालेले सल्ले पाहू. शेकडा गुणांनी छेद बदलतो, पेपरची काठिण्यपातळी बदलत नाही. 80 पैकी 60 आणि 100 पैकी 75 हे दोन्ही 75 टक्के, एवढीच त्या हिशेबाची कमाई. आयआरटी ही खरोखर ताकदीची पद्धत आहे, आणि मोठ्या परीक्षा तिच्यावर चालतात. पण तिलाही सामाईक प्रश्न किंवा सामाईक मुलं लागतात. ती नसताना दोन परीक्षांचं विश्लेषण वेगवेगळं चालवलंत, तर बहुतेक सॉफ्टवेअर प्रत्येक गटाच्या क्षमतेची सरासरी गुपचूप शून्य धरतात. तुमच्या झेड स्कोअरचंच दुखणं, फक्त भारी कपड्यांत.

रिग्रेशनचा सल्ला जरा निवांत बघण्यासारखा आहे, कारण तो देणारे पुष्कळ भेटतात आणि तो ऐकायला अगदी शास्त्रशुद्ध वाटतो. तुमच्याकडे दोन्ही परीक्षा दिलेली मुलं नाहीतच, तेव्हा समीकरण कशावरून मांडणार हा पहिला प्रश्न. पण ती आहेत असं धरू. दोन परीक्षांतला सहसंबंध 0.7 आहे असंही धरू. 'क'मध्ये सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं वर असलेली एक मुलगी घ्या. रिग्रेशन सांगेल, 'ख'मध्ये ती 1.4 वर असेल. आता उलट जा. 'ख'मध्ये 1.4 वर असलेल्या मुलीचं 'क'मध्ये काय? 0.98. म्हणजे 2 घेऊन निघालो आणि घरी परतलो तेव्हा 1सुद्धा शिल्लक नाही! रिग्रेशन अंदाज बांधतं, आणि अंदाज नेहमी सरासरीकडे झुकतो. त्या कामासाठी ते उत्तमच आहे. गुणांचं रूपांतर मात्र दोन्ही बाजूंनी सारखं चाललं पाहिजे. 'क'चे 60 म्हणजे 'ख'चे 80 असतील, तर 'ख'चे 80 म्हणजे 'क'चे 60च व्हायला हवेत. सहसंबंध कितीही चांगला असला तरी त्यातून अदलाबदल सिद्ध होत नाही. उंची आणि वजन यांच्यातही सहसंबंध असतो, म्हणून सेंटिमीटरचे किलो होत नाहीत.

तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं आणि साधनं हाताशी असलेल्यांनी हा डोंगर चढून पाहिला आहे. अमेरिकेत राज्याराज्यांच्या शालेय चाचण्या वेगळ्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथल्या संसदेने नॅशनल रिसर्च कौन्सिल या शास्त्रीय सल्ला देणाऱ्या संस्थेला विचारलं की या सगळ्या चाचण्यांचे गुण एका सामाईक पट्टीवर आणता येतील का, म्हणजे नवी राष्ट्रीय चाचणी घ्यायचीच गरज पडणार नाही. या विषयातले मातब्बर संख्याशास्त्रज्ञ पॉल हॉलंड समितीचे अध्यक्ष होते. 1999 साली समितीने उत्तर दिलं : हे शक्य नाही. चाचण्यांचा आशय वेगळा, प्रश्नांचं स्वरूप वेगळं, त्या घेण्याचा हेतू वेगळा, त्यांच्या निकालावर काय अवलंबून आहे तेही वेगळं. इतक्या गोष्टी वेगळ्या असताना एक पट्टी तयार करता येईलही, पण तिच्यावर वाचलेले आकडे दिशाभूल करतील.

त्याआधी 1980 मध्ये चाचणीशास्त्रातले अमेरिकी तज्ज्ञ फ्रेडरिक लॉर्ड यांनी याच गोष्टीचं टोक गाठलं होतं. दोन परीक्षांचे गुण खऱ्या अर्थाने समान ठरायचे, तर कोणती परीक्षा दिली याने कुणाही विद्यार्थ्याला फरक पडता कामा नये. ही अट त्यांनी काटेकोरपणे गणितात मांडली. निष्कर्ष असा निघाला की ती पुरी होते ती एक तर दोन्ही परीक्षा अगदी बिनचूक मोजमाप करत असतील तेव्हा, नाहीतर त्या मुळातच एकसारख्या असतील तेव्हा. म्हणजे जिथे रूपांतराची गरज नाही तिथेच ते अचूक जमतं. (संख्याशास्त्रातही विनोद असतात, फक्त ते समीकरणांत लिहिलेले असतात.) व्यवहारात अर्थातच थोडं सैल धरून काम चालतं. एकाच परीक्षेच्या, एकाच आराखड्यावर बेतलेल्या दोन प्रश्नपत्रिका असतील, तर त्यांच्या गुणांचं इक्वेटिंग, म्हणजे अदलाबदल करता येईल असं समानीकरण, रोज होतं आणि चांगलं होतं. वेगळ्या आराखड्याच्या परीक्षा जोडल्या तर त्याला इक्वेटिंग म्हणत नाहीत, कॉन्कॉर्डन्स म्हणतात. त्यात दावा कमी असतो : या गटात, 'क'मधला अमुक गुण आणि 'ख'मधला तमुक गुण या दोन्हींच्या खाली मुलांची टक्केवारी सारखीच होती. बस, एवढंच.

कॉन्कॉर्डन्सचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे एसएटी आणि एसीटी या अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षा. एसएटी 400 ते 1600 गुणांची, एसीटी 1 ते 36. दोन्ही घेणाऱ्या संस्थांनी मिळून 2018 मध्ये तक्ता काढला, त्यात एसीटीचे 30 म्हणजे एसएटीचे 1370. हा तक्ता कशावर उभा आहे? 2017 साली शाळा संपवलेल्या आणि दोन्ही परीक्षा दिलेल्या लाखो विद्यार्थ्यांवर. म्हणजे इथेसुद्धा सामाईक मुलं लागलीच. आणि इतका मोठा नमुना असूनही तो तक्ता 'ज्यांनी आपणहून दोन्ही परीक्षा दिल्या त्यांचा' आहे. एकच परीक्षा देणारे त्याच साच्यातले असतीलच असं नाही. चाचणीतज्ज्ञ नील डोरान्स आणि हॉलंड यांनी 2000 साली यासाठी एक कसोटी सुचवली. रूपांतराचा तक्ता फक्त मुलींच्या गुणांवरून बनवा, फक्त मुलांच्या गुणांवरून बनवा. दोन्ही तक्ते जवळपास सारखे आले तर रूपांतरावर विश्वास टाका. ते वेगळे आले, तर दोन्ही परीक्षा एकच गोष्ट मोजत नाहीत.

एवढं वाचून हात गळून पडले असतील, तर आता तुमच्या मूळ विषयाकडे या. नवी पद्धत चालते का, हा तुमचा प्रश्न, आणि त्यासाठी 'क' आणि 'ख' एकमेकांत बदलायची गरजच नाही. प्रत्येक शाळेत तुम्ही दोन्ही पद्धतींच्या तुकड्या ठेवल्यात, हे तुम्ही केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम आहे, आणि पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख जाता जाता केला आहे. तुलना त्या त्या परीक्षेच्या आतच करा. 'क'मधला फरक 4.8, त्याला 12 ने भागलं की 0.4. 'ख'मधला फरक 8, त्याला 16 ने भागलं की 0.5. नुसते गुण पाहिले तर 'ख'मध्ये पद्धत दीडपटीहून जास्त परिणामकारक वाटते. प्रमाण विचलनाच्या हिशेबात तो फरक किरकोळ आहे. शाळांच्या संख्येचं वजन देऊन दोन्हींची सरासरी काढली तर 0.44च्या आसपास येते, आणि कुणाच्याही गुणांचं रूपांतर न करता ती मिळालेली असते.

हे करताना भागाकारासाठी त्या परीक्षेचं एकच प्रमाण विचलन घ्या. आठ शाळांची आठ वेगळी घेतलीत, तर ज्या शाळेत सगळी मुलं एकाच पातळीची आहेत तिथला तेवढाच फरक उगाच फुगलेला दिसेल. तसंच, सहाशे-सातशे मुलं आहेत म्हणून सहाशे-सातशे स्वतंत्र नोंदी आहेत असं समजू नका. तुमच्याकडे आठ जोड्या आहेत. प्रत्येक शाळेचा एक फरक, असे आठ फरक मांडले की चित्र जास्त खरं दिसेल, भले ते कमी भरदार दिसो.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात नाही आणि मला तीच जास्त खुपते. तुकड्या ठरल्या कशा? शाळेत 'अ' तुकडी हुशार मुलांची अशी वाटणी असेल आणि उत्साही शिक्षकांनी नवी पद्धत 'अ'मध्येच घेतली असेल, तर 0.44 हा आकडा पद्धतीचा नाही, वाटणीचा आहे. दोन्ही तुकड्यांचे आदल्या वर्षीचे गणिताचे गुण शाळांकडून मागवा. इथेही मंडळं एकत्र करायची नाहीत. शाळेतल्या शाळेत तुलना करायची. सुरुवातीलाच फरक असेल तर तो हिशेबात धरावा लागेल, आणि तुमच्या सगळ्या आकडेमोडीत हे काम सगळ्यात महत्त्वाचं आहे.

राहिलं मार्गदर्शकांचं प्रकरण. 'कोणत्या मंडळाची मुलं पुढे' हे या माहितीतून लिहिता येणार नाही. हे त्यांना सांगायचं कसं, हा तुमच्या पत्रातला न लिहिलेला प्रश्न असावा. त्यांच्याशी वाद घालू नका, लॉर्ड आणि हॉलंड यांची नावं तोंडावर फेकू नका. फक्त विचारा : "सर, तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी 'कशावरून, ख-चा पेपर सोपा नसेल?' असं विचारलं तर मी काय उत्तर देऊ?" उत्तर त्यांच्याकडे असेल तर ते लिहून घ्या. बहुधा ते थोडा वेळ गप्प बसतील आणि प्रकरण आपोआप 'पुढील संशोधनासाठी सूचना' या सदरात जाईल. त्या सदरात याआधीही पुष्कळ प्रकरणं सुखाने नांदली आहेत.

पण ते हटूनच बसले, किंवा तुम्हालाच खरोखर उत्सुकता असेल, तर हाताशी वर्ष आहे. मग मंडळांचे गुण बाजूला ठेवून सोळाही तुकड्यांना एकच चाचणी द्या. रूपांतराचा तक्ता बनवण्याच्या भानगडीत मी तुमच्या जागी पडणार नाही. त्यासाठी साध्या सरळरेषी पद्धतीलाही प्रत्येक परीक्षेची चारशेएक मुलं लागतात असा ढोबळ दंडक आहे, आणि शततमकांवर (पर्सेंटाइलवर) आधारलेल्या पद्धतीला दीड हजाराच्या घरात. तुमच्या तीन शाळांत 'ख'ची तेवढी मुलं कुठून आणणार? सामाईक चाचणीला हा त्रास नाही.

चाचणीतले प्रश्न दोन्ही मंडळांच्या अभ्यासक्रमात असलेल्या घटकांवरच हवेत. एकीकडे शिकवलं आणि दुसरीकडे नाही, असा एक घटक जरी शिरला तरी तो पुन्हा मंडळांचीच तुलना बिघडवेल. कृतियुक्त पद्धतीला लाडका असलेला प्रश्नप्रकार जास्त घेऊ नका. निम्मे प्रश्न तुम्ही काढा आणि निम्मे तुमच्या पद्धतीवर अजिबात विश्वास नसलेल्या एखाद्या अनुभवी शिक्षकाला काढायला सांगा. अशी माणसं शोधावी लागत नाहीत, ती शिक्षकखोलीत असतातच. शिवाय कुठल्या शाळेत ही चाचणी 'गुण धरले जाणार नाहीत' म्हणून सांगितली आणि कुठल्या शाळेत धाक घालून घेतली, तर मुलांनी लावलेला जीव वेगळा असेल. सूचना लेखी द्या, सगळीकडे त्याच.

वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा चाचणी घेणार असाल, तर दुसऱ्या वेळी काही प्रश्न तेच ठेवावे लागतील. त्यांना अँकर प्रश्न म्हणतात. मोठ्या चाचण्यांत एकूण प्रश्नांच्या निदान पाचवा हिस्सा तरी अँकर असावेत असा संकेत आहे. तुमची चाचणी छोटी आहे, म्हणून मी तिसरा हिस्सा ठेवीन. ते सोप्या-अवघड सगळ्या पातळ्यांचे आणि सगळ्या घटकांतले असावेत, जणू पूर्ण चाचणीचीच छोटी प्रत. आणि त्यांच्या शब्दाला, क्रमालाही हात लावू नका. अमेरिकेतल्या एनएईपी या राष्ट्रीय पाहणीत 1986 साली वाचनाचे गुण दोनच वर्षांत इतके घसरले की खुद्द पाहणी करणाऱ्यांचाच विश्वास बसेना. प्रश्न तेच होते. बदलली होती पुस्तिकांची मांडणी, प्रश्नांचा क्रम आणि वेळेची वाटणी. 1988 मध्ये मुद्दाम दोन्ही मांडण्या वापरून पाहिल्या, तेव्हा घसरणीचा बराचसा भाग या बदलांमुळेच होता असं दिसलं. पाहणीतले संशोधक अल्बर्ट बीटन यांनी तेव्हा बजावलं ते असं की बदल मोजायचा असेल तर मोजमापच बदलू नका. तेव्हा पहिल्या चाचणीत जो प्रश्न सातव्या क्रमांकावर होता, तो दुसऱ्या चाचणीतही सातच्या आसपासच राहू द्या. पाठ झालेला असेल या भीतीने त्यातले आकडे बदलायचा मोह होईल. आकडे बदलले की तो नवा प्रश्न झाला, अँकर उरला नाही. त्यापेक्षा पहिल्या चाचणीच्या प्रश्नपत्रिका त्याच दिवशी मोजून परत घ्या.

चाचणी आठ शाळांत नेण्याआधी या संशोधनात नसलेल्या एखाद्या शाळेत एकदा घेऊन पाहा. जे प्रश्न जवळजवळ सगळ्यांना आले किंवा जवळजवळ कुणालाच आले नाहीत, ते काढून टाका. शाळांच्या परवानगीची पत्रं मात्र याच महिन्यात पाठवा. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की कुठलेच मुख्याध्यापक जास्तीचा तास द्यायला तयार होत नाहीत.